वेल कुठे कापायची

भिंतीवरच्या कागदासाठी काढलेल्या नक्षीला शेवट नसतो. डावीकडून उजवीकडे आणि छतापासून जमिनीपर्यंत ती पुन्हा पुन्हा येत राहते आणि थांबते ती केवळ खोली संपते म्हणून. पेटीचे तसे नाही. साध्या आयताकृती पेटीला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे असतात, शिवाय झाकण बसते तिथे चारही बाजूंनी फिरणारी एक फट असते. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या दिवाणखान्यासाठी काढलेली वेल वीतभर लांबीच्या पेटीवर चढवायची, तर ती कुठेतरी कापावीच लागते. ती कुठे कापायची, हा मला पेट्या करण्यातला सर्वांत रोचक प्रश्न वाटतो. पुठ्ठा, खळ, बिजागऱ्या आणि व्हार्निश हे सगळे त्याच्यानंतर येते.

मी पुठ्ठ्याच्या आणि क्वचित लाकडाच्या पेट्या करते, आणि त्यांवर बहुतेक वेळा विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) या इंग्रज नक्षीकाराच्या नक्ष्या असतात. मॉरिस आज इतका सर्वत्र दिसतो की त्याचे नाव घेताना थोडा संकोच वाटतो. चहाचे मग, छत्र्या, फोनची कव्हरे, कशावरही त्याची पाने छापलेली असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच वस्तू पाहून त्याने स्वतः काय म्हटले असते याची कल्पना करणे अवघड नाही. तरीही मी त्याच्याकडे वळते, कारण त्याची वेल कापली तरी मरत नाही. असे प्रत्येक फुलापानाच्या नक्षीबाबत घडत नाही, आणि ते का घडते हे मला पुस्तकांपेक्षा कटर आणि पट्टी हातात असताना अधिक कळले आहे.

मॉरिस तरुण होता त्या काळात इंग्लंडमध्ये फुलांच्या नक्षीवरून मोठा वाद चालू होता. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात यंत्राने विणलेले आणि छापलेले असंख्य गालिचे व कागद मांडले गेले होते, आणि त्यांवरचे गुलाब सावल्यांसकट इतके उठावदार होते की त्यांच्यावर पाय ठेवायला माणूस बिचकावा. त्यावर चिडलेल्या सुधारकांनी पुढच्याच वर्षी मार्लबरो हाउसमधल्या नव्या संग्रहालयात सजावटीच्या ‘चुकीच्या तत्त्वांचे’ नमुने एका दालनात मांडले. लोकांनी त्याला भयदालन असे नाव देऊन टाकले. ओवेन जोन्ससारख्या सुधारकांचे म्हणणे असे की सपाट पृष्ठभागावर सपाट नक्षीच हवी आणि फूल जसेच्या तसे न काढता त्याचे नियमबद्ध रूप काढावे. तत्त्व म्हणून हे पटण्यासारखे आहे, पण त्याच्या मागे काटेकोरपणे गेलेल्या नक्ष्यांमध्ये फूल उरते आणि वाढ हरवते. मॉरिसने दोन्ही पक्षांकडून हवे ते घेतले. त्याची पाने सपाट आहेत, तरी ती कुठल्या देठातून फुटली आहेत हे बोट ठेवून दाखवता येते.

१८८१ साली नक्षीकामावर दिलेल्या व्याख्यानात त्याने हाच मुद्दा मांडला होता. नक्षीतली वाढ तर्कशुद्ध हवी, फांदी आपल्या खोडापासून जोमाने फुटलेली दिसावी, रेषा लिबलिबीत होऊ नये, आणि जिथे रेषा संपते तिथेही तिच्यात आणखी वाढण्याची ताकद आहे असे वाटावे, असा त्याचा आग्रह होता. हे शेवटचे वाक्य भिंतींसाठी सांगितले गेले असले तरी पेटी करणाऱ्याच्या ते फार कामाचे आहे. पेटीच्या कडेवर मी एखादी फांदी छाटते तेव्हा तिचे पुढचे पान डोळ्याला दिसत नाही, पण ते असणार याची खात्री पटते. त्या खात्रीमुळेच ती कड अपघाताने झाल्यासारखी वाटत नाही. याउलट, सुटी फुले विखरून टाकलेली एखादी आधुनिक नक्षी कापली की अर्धे फूल हे केवळ अर्धे फूलच राहते.

सगळ्याच मॉरिस-नक्ष्या सारख्या कापता येतात असे मात्र नाही, आणि इथे प्रत्येकीचा स्वभाव ओळखावा लागतो. ‘ट्रेलिस’ ही त्याने १८६२ मध्ये काढलेली अगदी सुरुवातीची भिंत-नक्षी. बेक्सलीहीथ इथल्या त्याच्या ‘रेड हाउस’च्या बागेत गुलाब चढवण्यासाठी लाकडी जाळ्या उभारल्या होत्या, त्यांवरून ती सुचली. आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी, तिच्यातून वर चढणारा गुलाब आणि मधूनमधून पक्षी, एवढीच तिची मांडणी आहे. पक्षी मॉरिसने काढलेले नाहीत. आपल्या हाताने पक्षी नीट उतरत नाहीत असे वाटून त्याने ते घराचा वास्तुरचनाकार असलेल्या फिलिप वेबकडून काढून घेतले. पेटी करायला शिकणाऱ्याने ही नक्षी आधी घ्यावी असे मी सुचवते, कारण लाकडी पट्टी पेटीच्या कडेशी समांतर ठेवली की निम्मे काम झालेले असते आणि एक मिलिमीटरचा तिरकेपणाही लगेच दिसतो. दोष लपवणाऱ्या नक्षीवर हात बसत नाही.

याच ‘ट्रेलिस’विषयी एक गोष्ट मला वारंवार आठवते. त्या काळातले हिरवे रंग पुष्कळदा तांबे आणि आर्सेनिक यांच्या संयुगांपासून बनत असत, आणि २००३ मध्ये या नक्षीच्या एका जुन्या तुकड्याची रासायनिक तपासणी झाली तेव्हा त्याच्या हिरव्यात आर्सेनिक सापडले. मॉरिसच्या कुटुंबाची संपत्ती ज्या डेव्हन ग्रेट कन्सोल्स खाणीच्या समभागांतून आली होती, ती आधी तांब्याची आणि पुढे जगातल्या मोठ्या आर्सेनिक उत्पादकांपैकी एक झाली होती. १८७१ ते १८७५ या काळात तो स्वतः तिच्या संचालक मंडळावर होता. १८८५ च्या एका पत्रात तर त्याने आर्सेनिकच्या भीतीला वेडेपणा ठरवले आणि डॉक्टरांना चेटकिणी शोधण्याच्या जुन्या ज्वराने पछाडले आहे असे म्हटले. निसर्गाची ओढ आणि निसर्गातून खणून काढलेले विष एकाच कागदावर नांदत होते. मला या माहितीमुळे ती नक्षी नावडती झाली नाही, पण निसर्गाच्या सान्निध्याचे गोडवे गाणाऱ्या जाहिरातींवरचा माझा विश्वास मात्र पुष्कळ कमी झाला.

‘विलो बाउ’ ही १८८७ ची नक्षी ‘ट्रेलिस’च्या अगदी उलट टोकाची. विलोच्या बारीक, लांबट पानांच्या फांद्या एकमेकींवरून जातात, सांगाडा दिसत नाही आणि आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा एक पूर्ण भाग, कुठे संपले हे शोधायला वेळ लागतो. कुठेही कापा, ती सांभाळून घेते. गोल पेटीला, आठ कोनांच्या पेटीला आणि अगदी अंगठी मावेल एवढ्या डबीलाही ती चालते, म्हणूनच ती पेटी करणाऱ्यांची लाडकी आहे आणि म्हणूनच, खरे सांगायचे तर, थोडी आळशी निवडही आहे. ‘पिंपरनेल’ (१८७६) तशी सूट देत नाही. मॉरिसने ती हॅमरस्मिथच्या घरात आपल्या जेवणाच्या खोलीला लावली होती. तिच्यात मोठी वळणदार फुले आरशातल्यासारखी डावी-उजवी समोरासमोर येतात. अशा नक्षीचा मध्य-अक्ष झाकणाच्या मध्यावर आला नाही, तर पेटी नेहमीच कुठेतरी सरकल्यासारखी दिसते, मग बांधणी कितीही काटेकोर असो.

आणि मग ‘स्ट्रॉबेरी थीफ’. केल्म्स्कॉट मॅनर या ग्रामीण घराच्या बागेत थ्रश पक्षी स्ट्रॉबेऱ्या चोरत, त्यांवरून १८८३ मध्ये आकाराला आलेले हे छापील सुती कापड. पक्ष्यांच्या दोन जोड्या, एक चोच उघडून गाणारी आणि दुसरी चोचीत फळ धरलेली, पुन्हा आरशासारख्या समोरासमोर. पेटीसाठी ही नक्षी सर्वाधिक मागितली जाते आणि हीच सर्वांत छळते. पान कापले गेले तर कुणाचे लक्ष जात नाही, पण पक्ष्याची मान कडेवर आली की तीच तेवढी दिसते. त्यामुळे या पेटीत मी आधी पक्षी बसवते आणि उरलेल्या जागेचा विचार मग करते. झाकणावर फळ चोरणारी जोडी, पुढच्या बाजूवर गाणारी, आणि मागच्या बिजागऱ्यांच्या बाजूला जे येईल ते. झाकणाच्या पुढच्या कडेवरून नक्षी सलग खाली उतरायला हवी असेल, तर झाकण आणि बूड यांचे कागद एकाच तुकड्यातून ओळीने कापावे लागतात, आणि मधल्या फटीत जेवढी रुंदी गिळली जाते तेवढी पट्टी आधीच हिशेबात धरून टाकून द्यावी लागते. ती टाकली नाही आणि दोन्ही कागद कापलेल्या रेषेला तंतोतंत भिडवून लावले, तर झाकण बंद केल्यावर फटीच्या वरची आणि खालची फांदी एका ओळीत येत नाही. ही गोष्ट कागदावर मांडून दाखवल्याशिवाय कुणालाही पटत नाही.

या कापडाचा निळा हा वेगळा विषय आहे. मॉरिसला नीळ हवी होती ती जुन्या पद्धतीची. १८८१ मध्ये वँडल नदीकाठच्या मर्टन ॲबी इथे कारखाना हलवल्यावरच त्याला हे काम मनासारखे करता आले. पद्धत अशी की सगळे कापड आधी निळीच्या हौदात बुडवून गडद रंगवायचे, मग लाकडी ठशाने त्यावर विरंजक द्रव्य छापून हवा तेवढा निळा काढून टाकायचा; पूर्ण काढला तर पांढरे, अर्धा काढला तर फिकट निळे. त्यानंतर लाल आणि पिवळ्याची पाळी, आणि पिवळा निळ्यावर आला की हिरवा. म्हणजे त्या कापडावरची पांढरी फुले रंग लावून झालेली नाहीत, ती रंग काढून झालेली आहेत. आजच्या छपाई यंत्रात याच्या नेमके उलट घडते, पांढऱ्या कागदावर निळ्याचे ठिपके पडतात. त्यामुळे पडद्यावर गंभीर दिसणारा तो निळा कागदावर बऱ्याचदा जांभळट किंवा पोरकट होतो. मी अतिपांढरा, गुळगुळीत कागद टाळते आणि किंचित पिवळसर, खरखरीत कागदावर छापून घेते. मूळ निळा त्याने मिळत नाही, पण निदान भडकपणा जातो.

आकार लहान करण्यालाही मर्यादा आहे. मॉरिसच्या नक्ष्यांची आवर्तने मोठी असतात, आणि पानांच्या शिरा, मधल्या जागेतले टिपके हे सगळे त्या मापासाठी आखलेले असते. टिपक्यांसाठी तर ठशाच्या लाकडात धातूच्या पिना ठोकत. ‘ॲकँथस’ (१८७५) या भिंतीच्या कागदाला तीस ठसे लागत, ते त्याच्या प्रचंड, वळणाऱ्या पानांच्या घडीघडीत छटा भरण्यासाठी. ही नक्षी पंचमांश करून डबीवर छापली की ते सगळे बारकावे एकमेकांत मिसळून चिखल होतो. अशा वेळी मी उलट करते. नक्षी जवळजवळ मूळ मापाची ठेवते आणि डबीच्या झाकणावर एकाच पानाचे एक वळण येऊ देते. काहींना ते अपुरे वाटते. मला ते त्या पानाचे खरे दर्शन वाटते, कारण भिंतीवर ते पान शेकडो पानांपैकी एक असते आणि तिथे त्याच्याकडे कुणी इतके जवळून पाहत नाही.

बांधणीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ती शिकवणारे साहित्य भरपूर आहे. दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा बहुतेक पेट्यांना पुरतो. कागदाला ग्रेन असतो. तंतू ज्या दिशेने धावतात त्याच्या आडव्या दिशेने ओला कागद फुगतो आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून बाहेर नक्षीचा कागद लावला की आत त्याच ग्रेनचे अस्तर लावावेच लागते, नाहीतर भिंती बाहेरच्या बाजूला वाकतात. गव्हाच्या स्टार्चची खळ सावकाश वाळते आणि कागद सरकवून नक्षी जुळवायला वेळ देते. पांढरा गोंद लवकर धरतो पण दुसरी संधी देत नाही. मी दोन्हींचे मिश्रण वापरते. इंकजेटवर छापलेल्या कागदाची शाई खळीच्या ओलाव्याने पसरू शकते आणि लेझरची शाई कडेच्या घडीवर तडकते. म्हणून कागद लावण्याआधी त्यावर संरक्षक फवारा मारणे आणि घडीची रेघ हाडाच्या बोथट पट्टीने हलकेच दाबून घेणे एवढे तरी करावे.

कागद कापून चिकटवण्याची दुसरी परंपरा आहे ती देकूपाजची, आणि तिचा इतिहास मॉरिसपेक्षा जुना आहे. अठराव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये पूर्वेकडच्या महाग लाखकामाची नक्कल म्हणून छापील चित्रे कापून फर्निचरवर चिकटवत आणि त्यावर व्हार्निशचे थरांवर थर चढवत, इतके की बोट फिरवल्यावर कागदाची कड लागू नये. याच शतकात इंग्लंडमध्ये मेरी डेलानी या बाईंनी १७७२ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर वनस्पतींची चित्रे रचायला सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत, दृष्टी अधू होईपर्यंत, त्यांनी हजाराच्या जवळपास पाने केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची कातर आणि माझा कटर यांच्यातला फरक मला नेहमी जाणवतो. त्या कापत होत्या ते एक फूल पूर्ण व्हावे म्हणून. मी कापते ते कधीच पूर्ण न होणाऱ्या वेलीचा एक भाग कुठेतरी थांबावा म्हणून. देकूपाजने मॉरिसचा एखादा पक्षी सुटा कापून रंगवलेल्या पेटीवर चिकटवलेला मी पुष्कळदा पाहते. तो सुंदर दिसतो, पण मला तो नेहमीच थोडा निराधार वाटतो, कारण त्याच्या पायाखालची फांदी मागे राहिलेली असते.

पेटीखाली नक्षीकाराचे नाव लिहिण्याची पद्धत चांगली आहे, पण ते बरोबर लिहावे. ‘गोल्डन लिली’ सर्रास मॉरिसच्या नावावर खपते. ती जॉन हेन्री डर्ल याची आहे, जो मॉरिसच्या मृत्यूनंतर त्याच्या कंपनीचा कला-संचालक झाला. ‘हनीसकल’ हा १८८३ चा भिंतीचा कागद मे मॉरिस या त्याच्या मुलीचा आहे, आणि माझ्या मते त्या कुटुंबातली ती सर्वांत मोकळी वेल आहे. मोठ्या नावाच्या सावलीत विकले जाणे हे त्या दोघांच्याही वाट्याला आले.

अशा पेटीला हस्तकलेची पेटी म्हणावे का, असा प्रश्न मला विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. नक्षी दुसऱ्याची, छपाई यंत्राची, पुठ्ठा गिरणीचा. मॉरिसपुढेही हाच पेच वेगळ्या रूपात होता. ‘क्रे’ या छापील कापडाला चौतीस ठसे लागत, त्यामुळे ते इतके महाग पडे की ते फक्त श्रीमंतांच्या घरी जाई. आणि ‘स्ट्रॉबेरी थीफ’ नोंदवले गेले त्याच १८८३ साली तो समाजवादी चळवळीत उतरला होता. हाताने केलेली वस्तू स्वस्त होत नाही आणि स्वस्त वस्तूत हात उरत नाही, हा गुंता त्याला सुटला नाही. मी करते ती पेटी त्याच्या कापडापेक्षा फार स्वस्त असते, ती यंत्राने छापलेल्या कागदामुळेच. हाताचा वाटा तिच्यात आहे तो कापण्यात आणि जोडण्यात, आणि मी मोबदला मागते तो तेवढ्याचाच.

त्या जोडण्यातली सर्वांत हट्टी जागा म्हणजे मागच्या कोपऱ्यातला सांधा. चारही भिंतींना एकच पट्टी गुंडाळली की तिची दोन टोके तिथे भेटतात, आणि पेटीची परिमिती नक्षीच्या आवर्तनाच्या पूर्ण पटीत नसेल तर तिथे फांदी तुटतेच. म्हणून मी आता माप उलट्या बाजूने काढते. छापलेल्या नक्षीचे आवर्तन बारा सेंटिमीटर असेल तर बाहेरची परिमिती अठ्ठेचाळीस धरते, आणि त्यातून चौदा बाय दहाची किंवा बारा बाय बाराची पेटी निघते. यात पुठ्ठ्याची जाडी आधीच धरलेली असते. कुणी आपल्या वस्तूचे माप सांगून पेटी मागितली, तर छपाईआधी नक्षी तीन-चार टक्क्यांनी लहान-मोठी करून जुळवता येते. त्याहून जास्त फरक पडत असेल तर मी त्यांना ‘विलो बाउ’ सुचवते, आणि ‘स्ट्रॉबेरी थीफ’च हवी असा आग्रह असेल तर पेटी दोन सेंटिमीटर मोठी घ्यायला सांगते.